बॉण्डची गाडी एकच, कामं मात्र दोन

२०१२ साली ‘स्कायफॉल’ बघायला भाच्याला घेऊन गेलो होतो. त्याचा तो पहिलाच बॉण्डपट. बराच चित्रपट सरल्यावर एका गॅरेजमध्ये जुनी चंदेरी गाडी दिसते, मागे ती जगप्रसिद्ध धून वाजते. थिएटरात शिट्ट्या, टाळ्या. भाचा कानाशी येऊन म्हणाला, “मामा, गाडीच आहे ना? मग टाळ्या कशाला?”

“नंतर सांगतो, गप्प बस,” म्हणालो खरा, पण घरी जाताना सांगायला लागलो तर माझीच गाडी अडली. “अरे, तिच्यात मशीनगन आहेत, माणूस छपरातून बाहेर उडवणारी सीट आहे,” असं मी म्हणत होतो आणि तो म्हणत होता, “पण टाळ्या पडल्या तेव्हा हे कुठे कळलं होतं?” बरोबर होतं त्याचं. टाळ्या गॅजेटला नव्हत्या, कॉलबॅकला होत्या, म्हणजे जुन्या बॉण्डपटाच्या आठवणीला. या दोन गोष्टी बॉण्डपटात इतक्या वेळा एकाच वस्तूत येऊन बसतात की साठ वर्षं बघणाऱ्यांचीही गल्लत होते.

कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतो. गॅजेटचं तसंच आहे. आधी क्यू नावाचा चिडका तंत्रज्ञ वस्तू दाखवतो, हे बटण दाबलं की हे होतं, हात लावू नकोस, वगैरे. हा पूर्वरंग. मग तासाभराने बॉण्ड मरणाच्या दारात असताना तेच बटण दाबतो, तो उत्तररंग. दोन्ही त्याच चित्रपटात. कॉलबॅकमध्ये पडद्यावर फक्त उत्तररंग असतो. पूर्वरंग दुसऱ्याच चित्रपटात, कधी दुसऱ्याच शतकात होऊन गेलेला असतो आणि तो प्रेक्षकाने घरून आणायचा असतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण गाडीत नाही, पेनात आहे. १९९५च्या ‘गोल्डनआय’मध्ये क्यू बॉण्डला एक बॉलपेन देतो. तीनदा टकटक केलं की आतला स्फोटक जिवंत होतो, चार सेकंदांत फुटतो. पुन्हा तीनदा केलं की शांत. शत्रूकडचा बोरिस नावाचा संगणकवाला, त्याला हातात पेन आलं की टकटकवत बसायची खोड. ही खोड आपल्याला आधीच दाखवून ठेवलेली असते. शेवटी बॉण्डचं पेन नेमकं याच्या हातात जातं आणि तो आपल्या तंद्रीत सुरू होतो. आपण खुर्चीत बसून मोजतोय: एक, दोन, तीन. बॉण्ड मोजतोय. बोरिसला पत्ता नाही. मला विचाराल तर गाड्या, विमानं, पाणबुड्या सगळ्या बाजूला ठेवा, या मालिकेतलं सर्वांत हुशारीने वापरलेलं गॅजेट हे आठ आण्याचं वाटणारं पेन आहे. आणि ते समजायला एकही जुना बॉण्डपट पाहिलेला असण्याची गरज नाही.

आता ‘स्कायफॉल’. लंडनच्या नॅशनल गॅलरीत टर्नरच्या, भंगारात ओढत नेल्या जाणाऱ्या जुन्या युद्धनौकेच्या चित्रासमोर नवा, पोरसवदा क्यू बॉण्डला भेटतो. देतो काय, तर एक पिस्तूल आणि एक छोटा रेडिओ. बॉण्डचा चेहरा पडतो. तेव्हा क्यू विचारतो, फुटणारं पेन हवं होतं का? असलं आम्ही आता करत नाही. थिएटरात हशा. हा कॉलबॅक. पेन पडद्यावर नाहीच, ते आपल्या डोक्यात आहे. गंमत म्हणजे ज्या प्रसंगात गॅजेटची टिंगल होते, त्याच प्रसंगात दोन अस्सल गॅजेटं हातावर ठेवली जातात. पिस्तूल फक्त बॉण्डच्या तळहाताला ओळखतं, म्हणून मकाऊच्या कॅसिनोत ते हिसकावणाऱ्या गुंडाच्या हातात चालत नाही. रेडिओ खलनायकाच्या बेटावर हेलिकॉप्टरं बोलावतो. आपण हसण्यात गुंग असतो आणि दिग्दर्शक पूर्वरंग उरकून घेतो.

मग ती गाडी. ॲस्टन मार्टिन डीबी५ ही १९६४च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये निखळ गॅजेट होती. क्यू झालेला डेस्मंड लुएलिन तिची एकेक करामत शिक्षकासारखा सांगत जातो. इजेक्टर सीटचं ऐकून बॉण्डला थट्टा वाटते, तर क्यू म्हणतो, कामाच्या बाबतीत मी थट्टा करत नाही. पुढे शेजारी बसवलेला पहारेकरी छपरातून उडतो तेव्हा हे वाक्य फळाला येतं. धूर, तेल, मागची बुलेटप्रूफ ढाल, पुढच्या दिव्यांमागच्या मशीनगन, सगळं कथेत खर्ची पडतं. ज्यांनी त्या वर्षी चित्रपट पाहिला त्यांना आठवायला काही नव्हतं, ती त्या वेळची नवी कोरी गाडी होती.

पुढे १९९५मध्ये पिअर्स ब्रॉस्नन मोनॅकोच्या घाटात डीबी५ पळवतो तेव्हा ती तीस वर्षं जुनी आहे. आणि २००६च्या ‘कसिनो रोयाल’मध्ये डॅनियल क्रेगचा बॉण्ड बहामात पत्त्यांच्या डावात एक डीबी५ जिंकतो. ही डाव्या हाताच्या स्टिअरिंगची, स्थानिक नंबरप्लेटची साधी गाडी. इथपर्यंत ठीक. पण ‘स्कायफॉल’मध्ये तोच क्रेग जी गाडी काढतो तिला स्टिअरिंग उजवीकडे, नंबरप्लेट बीएमटी २१६ए, म्हणजे थेट ‘गोल्डफिंगर’ची, आणि आत मशीनगन! त्या कोणी बसवल्या? कधी? या बॉण्डला तर क्यू नुकताच भेटलाय. कथेत उत्तर नाही. मी बरीच वर्षं याला पटकथेतली चूक समजत होतो. आता वाटतं, चूक नाही. या गाडीचा पूर्वरंग १९६४मध्ये झाला आहे, तो त्या वेळच्या बॉण्डसमोर, शॉन कॉनरीसमोर झाला होता आणि दिग्दर्शकाने बिनदिक्कत तो उसना घेतला.

त्यातही मौज बघा. बॉण्डची वरिष्ठ एम शेजारी बसून गाडीच्या गैरसोयीबद्दल कुरकुरते, बॉण्ड गिअरच्या दांड्यावरची टोपी उघडून इजेक्टर सीटच्या लाल बटणावर अंगठा ठेवतो. ती म्हणते, दे उडवून, मला काय. बटण दाबलं जात नाही. हे बटण शंभर टक्के कॉलबॅक. कथेला त्याचा काडीचा उपयोग नाही. पुढे स्कॉटलंडमधल्या घरासमोर दिव्यांमागच्या मशीनगन मात्र खरोखर माणसं पाडतात. एकाच गाडीतलं एक यंत्र नुसती आठवण, दुसरं काम करणारं.

(बंदुकीच्या नळीतून दिसणारा बॉण्ड, ‘बॉण्ड, जेम्स बॉण्ड’ हे वाक्य, ती मार्टिनी, यांना कोणी कॉलबॅक म्हणू नये. तमाशात आधी गण होतो, तसं ते आहे. गण ऐकून कोणी मागच्या वर्षीचा फड आठवत नाही.)

मालिकेला हा नाद फार आधीच लागला. १९६९मध्ये कॉनरीच्या जागी जॉर्ज लेझनबी आला. नवा चेहरा लोकांना पटवायचा होता. म्हणून त्याला राजीनामा देऊन टेबलाचा खण रिकामा करायला लावला: ‘डॉ. नो’मधल्या हनीचा सुऱ्याचा पट्टा, ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधल्या रेड ग्रँटचं गळा आवळणाऱ्या तारेचं घड्याळ, ‘थंडरबॉल’मधली पाण्याखाली श्वास घ्यायची नळी. प्रत्येक वस्तूबरोबर त्या-त्या चित्रपटाचं संगीत. तीन गॅजेटं, तिन्ही निवृत्त. दोन मिनिटांत उरकतं, आणि सांगतं की हा तोच माणूस आहे.

२००२च्या ‘डाय अनदर डे’ला हा तोल सांभाळता आला नाही. विसावा चित्रपट, मालिकेची चाळीस वर्षं, मग काय! बंद पडलेल्या भुयारी स्टेशनातल्या क्यूच्या कोठारात जुनी खलनायिका रोझा क्लेबचा सुरीवाला बूट आहे, पाठीवरचं जेटपॅक आहे, ‘ऑक्टोपसी’तलं इवलंसं विमान आहे. हॅली बेरी समुद्रातून बाहेर येते तीही १९६२च्या उर्सुला अँड्रेससारखी, कमरेला सुरा लावून. जुन्या वाड्याची माळ्यावरची अडगळ पाहुण्यांना दाखवत फिरावं, तसं होतं. पण याच चित्रपटात एक झकास जागा आहे. बर्फावर बॉण्डची गाडी उलटी होते, तो इजेक्टर सीट उडवतो आणि त्या धक्क्याने गाडी पलटवून सरळ करतो. ‘गोल्डफिंगर’ पाहिलेल्याला वाटतं, अरे, ही सीट माणूस उडवायला होती ना! न पाहिलेल्याला वाटतं, काय डोकं चाललं याचं! दोघेही खूश. कॉलबॅक असा असला की त्याची अडगळ होत नाही. याच चित्रपटातल्या अदृश्य होणाऱ्या गाडीला हसलेले लोक ही जागा विसरतात, म्हणून मुद्दाम सांगितली.

२००८च्या ‘क्वांटम ऑफ सोलस’मध्ये फील्ड्स नावाची तरुणी पलंगावर कच्च्या तेलात माखून मेलेली सापडते. हे ‘गोल्डफिंगर’मधल्या सोन्याने मढवलेल्या प्रेताचंच रूप. भाच्याने ते आधी पाहिलं, सोन्याचं नंतर. त्याच्या लेखी सोनं ही तेलाची नक्कल. आता याला काय बोलणार.

एकच जागा मला अजून कुठल्याच खणात ठेवता येत नाही. १९८३चा ‘ऑक्टोपसी’, उदयपूरचा घाट. आपला टेनिसपटू विजय अमृतराज गारुडी होऊन बसलाय, समोर नाग, आणि पुंगीवर वाजवतोय बॉण्डचीच धून. ती ऐकून रॉजर मूरला कळतं की आपला माणूस हाच. म्हणजे कथेत ती खुणेची शिट्टी आहे, काम करणारी, जवळजवळ गॅजेटच. पण बॉण्डला स्वतःच्या चित्रपटाचं संगीत ठाऊक कसं? भाच्याला विचारलं तर म्हणाला, “मामा, त्याने तिकीट काढून पाहिले असतील.”