वाळत न घातलेला शर्ट

उत्तर आयर्लंडमध्ये पोलिसांच्या घरी एक पथ्य वर्षानुवर्षं पाळलं गेलं. गणवेशाचा शर्ट धुवायचा, पण परसातल्या दोरीवर वाळत घालायचा नाही. या घरात पोलीस राहतो हे शेजारीपाजारी कळता कामा नये. बाबा काय करतात असं शाळेत कुणी विचारलं, तर काय सांगायचं ते मुलांना आधीच पढवलेलं असे. आणि रोज सकाळी कामावर निघताना गाडीजवळ जाऊन गुडघे टेकायचे, वाकून गाडीखाली बघायचं. चालकाच्या सीटच्या बरोबर खाली चुंबकाने चिकटवलेला डबा तर नाही ना? जेवणाच्या डब्याएवढा असा डबा, आत स्फोटकं आणि एक पाऱ्याची कळ. गाडी हलली, चढ-उतार आला, की पारा सरकायचा आणि वीज जोडली जायची.

१९६०च्या दशकाच्या अखेरीपासून १९९८ पर्यंत चाललेल्या तिथल्या सशस्त्र संघर्षात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यांत तीनशेहून अधिक पोलीस होते. प्रदेशाची लोकसंख्या तेव्हा पंधरा ते सतरा लाख, म्हणजे आजच्या पुणे शहराहूनही कमी. जिथे पोलीस स्वतःच्या गावात लपून राहतो, तिथे तो गस्त कशी घालणार? त्याच्याकडे फिर्याद कोण नेणार, साक्ष कोण देणार? गुन्ह्याचा तपास हा बहुतांशी लोकांनी दिलेल्या माहितीवर चालतो. माहिती आटली की कितीही मोठं दल आंधळं होतं. म्हणूनच गेल्या चाळीस वर्षांत सामाजिक शास्त्रज्ञ एका प्रश्नाच्या मागे लागले आहेत: माणसं पोलिसांना आपलं कधी मानतात?

तिथली फूट समजायला मराठी माणसाला वेळ लागू नये. राजधानी बेलफास्टमध्ये नवा माणूस भेटला की आडनाव आणि शाळा कळेपर्यंत अनेकांना चैन पडत नाही. आडनावावरून कॅथलिक की प्रोटेस्टंट याचा अंदाज बांधता येतो, आणि त्यावरून राजकारणाचा. प्रोटेस्टंटांना बहुतांशी ब्रिटनबरोबर राहायचं, कॅथलिकांपैकी अनेकांना आयर्लंड एक झालेलं हवं. आपल्याकडे 'आडनाव काय?' या साध्या प्रश्नामागे काय दडलेलं असतं, ते आपण जाणतोच.

या पोलिसांची वंशावळही आपल्यापर्यंत येते. १८२९ साली लंडनचं बिनहत्यारी पोलीस दल उभं करणारा रॉबर्ट पील त्याआधी आयर्लंडचा कारभार पाहत होता, आणि तिथे १८१४ मध्ये त्याने वेगळ्याच धाटणीचं दल काढलं होतं. पुढे त्याच वळणावर तयार झालेली आयरिश कॉन्स्टॅब्युलरी बंदूकधारी होती, बराकीत राहायची, आणि शिपायाला स्वतःच्या किंवा बायकोच्या माहेरच्या परगण्यात नेमणूक मिळत नसे. लोकांपासून अंतर राखणं हाच तिचा पाया. साम्राज्याला वसाहतींसाठी हाच नमुना सोयीचा वाटला. चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर तो तिथे आणला, मग तो मुंबई इलाख्यात आला, आणि १८६१च्या पोलीस कायद्याने जवळजवळ देशभर पसरला. पोलीस ठाण्याची पायरी चढायच्या आधी आजही आपण ओळखीचा माणूस शोधतो. त्या सवयीचं एक मूळ या इतिहासात आहे असं मला वाटतं.

त्या जुन्या आयरिश दलातले बहुसंख्य शिपाई कॅथलिकच होते. तरीही १९१९ ते १९२१ च्या स्वातंत्र्ययुद्धात चारशेच्या आसपास पोलीस मारले गेले, कारण दल लंडनचं मानलं जात होतं. नुसती टक्केवारी पुरत नाही हे तेव्हाच दिसलं होतं. आयर्लंडच्या फाळणीनंतर १ जून १९२२ रोजी उत्तरेत रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी, म्हणजे आरयूसी, आली. तिच्यात एक तृतीयांश जागा कॅथलिकांसाठी ठेवायचं ठरलं होतं, पण प्रमाण एक पंचमांशाच्या फारसं वर कधी गेलं नाही. १९९०च्या दशकाच्या शेवटी ते आठ टक्क्यांवर होतं आणि लोकसंख्येत कॅथलिक चाळीस टक्क्यांहून जास्त. भरती होणाऱ्या कॅथलिक तरुणाला आयआरए, म्हणजे आयर्लंड एक करण्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना, गद्दार ठरवून मारत असे, त्यामुळे दोष एकट्या दलाचा नव्हता.

मधे एकदा सुधारणेचा प्रयत्न झाला होता. १९६९च्या दंगलींनंतर नेमलेल्या समितीचे प्रमुख होते लॉर्ड जॉन हंट. होय, १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते हंट तेच. पोलिसांकडून शस्त्रं काढून घ्या, 'बी स्पेशल्स' हे जवळजवळ पूर्णपणे प्रोटेस्टंट असलेलं राखीव दल बरखास्त करा, असं त्यांनी सुचवलं. राखीव दल बरखास्त झालं. शस्त्रं मात्र हिंसाचार वाढताच लवकरच परत आली.

पोलीस ज्या वस्तीत जाऊ शकत नाहीत, तिथली जागा रिकामी राहत नाही. पश्चिम बेलफास्टमध्ये घरफोडी झाली, पोरांनी गाडी चोरून गल्लीत पिदडली, तर लोक आरयूसीला फोन करत नसत. तक्रार आयआरएकडे जायची. प्रोटेस्टंट वस्त्यांतही तिथल्या सशस्त्र संघटनांचा असाच दरबार भरे. ना वकील, ना पुरावा. शिक्षा म्हणजे गुडघ्यात गोळी. बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया हॉस्पिटलमधल्या शल्यविशारदांचा अशा जखमांमध्ये हात बसला. गोळी खाणारी पोरं बहुतेक त्याच गल्लीतली असत, सोळा-सतरा-अठरा वर्षांची. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट हीच आहे: विश्वास तुटला त्याची किंमत सर्वांत दुबळ्यांनी मोजली.

आता शास्त्राकडे येऊ. १९८४ मध्ये मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी शिकागोतल्या १,५७५ लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांतल्या अनेकांना वर्षभराने पुन्हा गाठलं. माणसं कायदा का पाळतात, हा प्रश्न होता. शिक्षेच्या भीतीने, हे अपेक्षित उत्तर फार लंगडं निघालं. कायदा आणि पोलीस यांना आज्ञा देण्याचा नैतिक अधिकार आहे असं वाटणं जास्त वजनदार ठरलं. या वाटण्याला अधिमान्यता म्हणतात. ती येते कशातून? निकाल आपल्या बाजूने लागला का, यापेक्षा आपलं म्हणणं ऐकलं का, सर्वांना एकच नियम लावला का, माणूस म्हणून नीट वागवलं का, यांतून. पोलिसाच्या बोलण्याच्या सुरातून आपण समाजात धरले जातो की नाही हे माणूस वाचत असतो. दुभंगलेल्या प्रदेशात नाकाबंदीवरच्या एका शिपायाचं 'ए, उतर खाली' अख्ख्या जमातीला उद्देशून म्हटलेलं असतं.

दुसरा धडा पोलिसांचे अभ्यासक वेस्ली स्कोगन यांचा. २००६ मध्ये त्यांनी दाखवलं की पोलिसांचा वाईट अनुभव मनावर जेवढा परिणाम करतो, तो चांगल्या अनुभवाच्या चार ते चौदा पट असतो. चांगल्या वागण्याने खातं भरायला वर्षं लागतात, एका थपडेने ते रिकामं होतं.

मग पोलिसांना नीट बोलायला शिकवलं की झालं? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये हे प्रयोगाने तपासलं गेलं. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठीच्या ६० नाकाबंद्या निवडल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निम्म्या-निम्म्या वाटल्या. एकीकडे नेहमीची अर्ध्या मिनिटाच्या आतली फुंकर-तपासणी. दुसरीकडे शिपाई कारण सांगे, मत विचारे, आभार मानी, त्यात दीड मिनिट जाई. त्या दीड मिनिटाने चालकांचं मत खरंच सुधारलं. मात्र स्कॉटलंडमध्ये २०१३-१४च्या नाताळ मोहिमेत तोच प्रयोग केला तर निकाल उलटा आला, विश्वास किंचित घटला. संशोधकांनी पोलिसांशीच बोलून कारण शोधलं. तेव्हा तिथली आठ दलं नुकतीच एकात विलीन झाली होती. शिपायांना वरिष्ठ आपलं ऐकत नाहीत, हे आणखी एक काम डोक्यावर टाकलं आहे, असं वाटत होतं. ज्याला घरात मान नाही तो रस्त्यावर मान देऊ शकला नाही. मला पहिल्या निकालापेक्षा हा दुसरा जास्त शिकवणारा वाटतो.

उत्तर आयर्लंडने केलं ते याहून खोलवरचं. १० एप्रिल १९९८च्या गुड फ्रायडे या शांतता करारानंतर हाँगकाँगचे शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. १९९९च्या सप्टेंबरमध्ये त्याने १७५ शिफारशी दिल्या. ४ नोव्हेंबर २००१ रोजी आरयूसीचं नाव गेलं आणि पोलीस सर्व्हिस ऑफ नॉर्दर्न आयर्लंड, म्हणजे पीएसएनआय, आली. टोपीवरच्या नव्या बिल्ल्यात मुकुट आहे आणि आयरिश हार्पही, शिवाय न्यायाचा तराजू, मशाल, ऑलिव्हची फांदी आणि तिपानी शॅमरॉक. मारल्या गेलेल्या सहकाऱ्यांच्या घरच्यांना जुनं नाव पुसलं जाणं फार लागलं, आणि ते दुःख खरं होतं. भरतीत पात्र उमेदवारांपैकी निम्मे कॅथलिक आणि निम्मे इतर घ्यायचे, असा कायदा झाला. आरक्षणावर आपल्याकडे होतात ते सगळे वाद तिथेही झाले. वर १९ जणांचं पोलीस मंडळ बसलं, १० राजकारणी आणि ९ नागरिक. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा तपास पोलिसांकडून काढून स्वतंत्र लोकपालाकडे दिला गेला. पहिल्या लोकपाल नुआला ओ'लोन यांनी २००७ मध्ये उघड केलं की उत्तर बेलफास्टमध्ये पोलिसांच्या गुप्तवार्ता शाखेने, स्पेशल ब्रँचने, आपल्या खबऱ्यांना खुनांच्या तपासातही पाठीशी घातलं होतं. स्वतःचं इतकं लाजिरवाणं सत्य बाहेर येऊ देणारी यंत्रणा उभी राहिली, म्हणून संशयी माणसं एकेक पाऊल पुढे आली. २८ जानेवारी २००७ रोजी आयआरएशी जोडलेल्या सिन फेन या पक्षाने डब्लिनच्या अधिवेशनात पोलिसांना पाठिंबा द्यायचा ठराव केला.

२०११ पर्यंत कॅथलिकांचं प्रमाण आठवरून तीस टक्क्यांच्या आसपास पोचलं आणि २८ मार्च रोजी निम्मे-निम्मे भरती बंद झाली. पाचच दिवसांनी, २ एप्रिलला, ओमा गावात रोनन केर हा २५ वर्षांचा कॅथलिक शिपाई गाडीखालच्या बॉम्बने मारला गेला. मारणारे शांतता करार न मानणारे गट होते. त्याच्या अंत्ययात्रेत त्याच्या बेरा गावच्या रस्त्यावर शवपेटी कॅथलिक समाजात मुरलेल्या गेलिक खेळ संघटनेच्या लोकांनी खांद्यावर घेतली आणि पुढे पोलिसांनी. याच संघटनेच्या नियमांनुसार २००१ पर्यंत पोलिसाला सदस्य होता येत नव्हतं. कॅथलिक तरुणांनी घाबरून पोलीस भरतीकडे पाठ फिरवू नये, असं त्याच्या आईने जाहीरपणे सांगितलं.

त्यानंतर प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास येऊन थबकलं. ८ ऑगस्ट २०२३ रोजी माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर देताना पीएसएनआयकडून चुकून एक तक्ता जाहीर झाला. त्यात एक लपवलेलं पान राहून गेलं होतं. दोन-तीन तासांत ते काढलं, पण तोवर ९,४८३ पोलीस आणि कर्मचाऱ्यांची माहिती बाहेर गेली होती. आपण पोलिसात आहोत हे जवळच्या नातलगांनाही न सांगितलेली माणसं त्यांत होती. कुणाचाही घरचा पत्ता त्या पानावर नव्हता. हुद्दा होता, नेमणुकीचं ठिकाण होतं, नावाचं आद्याक्षर होतं. आणि आडनाव होतं.