अमेरिकेतील माता व बालमृत्यूंतील वांशिक विषमता

अमेरिकेत बाळंतीण आणि तान्हे बाळ जगेल की नाही, हे आजही बऱ्याच अंशी आईच्या वर्णावर ठरते. २०२३ मध्ये तेथे दर एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचा मृत्युदर ५०.३ होता, तर गोऱ्या मातांचा १४.५. अर्भक मृत्युदर २०२२ मध्ये दर हजारी अनुक्रमे १०.९ आणि ४.५ असा होता.

गरिबी हे याचे एक खरे कारण आहे. सुमारे ४० टक्के बाळंतपणांचा खर्च ‘मेडिकेड’ ही गरिबांसाठीची सरकारी योजना उचलते. पूर्वी अनेक स्त्रियांसाठी तिचे संरक्षण प्रसूतीनंतर ६० दिवसांतच संपे. हृदयाचे विकार मात्र त्यानंतरही बाळंतिणीचा जीव घेतात. २०२१ च्या कायद्याने ही मुदत वर्षभर वाढवण्याची मुभा राज्यांना दिली.

पण शिक्षण आणि पैसा असूनही हे अंतर मिटत नाही. २००७ ते २०१६ या काळातील नोंदींत पदवीधर कृष्णवर्णीय मातांचा मृत्युदर शालेय शिक्षणही पूर्ण न झालेल्या गोऱ्या मातांपेक्षा जास्त आढळला. मग कारण अनुवंशात आहे का? रिचर्ड डेव्हिड आणि जेम्स कॉलिन्स या डॉक्टरांनी इलिनॉय राज्यातील जन्मनोंदी तपासून १९९७ मध्ये याचे उत्तर दिले. अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या मातांच्या बाळांचे सरासरी वजन ३,४४६ ग्रॅम भरले. आफ्रिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे ३,३३३ ग्रॅम, आणि अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय मातांच्या बाळांचे अवघे ३,०८९ ग्रॅम. पूर्वज आफ्रिकेतलेच, फरक होता तो अमेरिकेत वाढण्याचा. पुढच्या अभ्यासात तर स्थलांतरित कृष्णवर्णीय मातांच्या लेकींना झालेली बाळे त्या लेकींच्या स्वतःच्या जन्मवजनापेक्षा हलकी निघाली. एका पिढीत एवढा फरक पडावा, हे अस्वस्थ करणारे आहे. ऊनपावसात लाकूड झिजावे तसे सततच्या भेदभावाने शरीर अकाली झिजते, ही सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक आर्लिन जेरोनिमस यांची १९९२ मधील ‘वेदरिंग’ची मांडणी येथे लागू पडते.

शिवाय दुखणे सांगूनही ऐकून घेतले जात नाही, ही अनेकींची तक्रार आहे. टेनिसपटू सेरेना विल्यम्स हिला २०१७ मध्ये सिझेरियननंतर धाप लागली. पूर्वी फुप्फुसात गुठळी झालेली असल्याने तिने स्वतः सीटी स्कॅन मागितला. वेदनाशामकांमुळे ती गोंधळली असावी, असे परिचारिकेला वाटले. तपासणीत गुठळ्याच सापडल्या.

कॅलिफोर्नियातील रुग्णालयांनी प्रसूतीतील रक्तस्राव अंदाजाने न ठरवता मोजण्याची आणि औषधे हाताशी ठेवण्याची ठरावीक पद्धत लावली. त्यानंतर रक्तस्रावामुळे होणारी गंभीर गुंतागुंत सगळ्याच स्त्रियांत घटली, कृष्णवर्णीय स्त्रियांत ती अधिक घटली. त्यांच्यातले अंतर मात्र अद्याप पूर्ण भरून निघालेले नाही.