‘मौन रागम’मधील एका वर्षाची पार्श्वभूमी

१५ ऑगस्ट १९८६ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘मौन रागम’ या तमिळ चित्रपटाचा विषय निघाला की बोलणे बहुधा गाण्यांवर आणि नायिकेच्या खट्याळ प्रियकरावर येऊन थांबते. कथा ज्या कायदेशीर अटीवर उभी आहे, तिची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली आहे. मनाविरुद्ध लग्न करून दिल्लीला आलेल्या दिव्याला नवरा चांदीचे पैंजण देतो; तुला काय हवे, असे त्याने विचारल्यावर ती घटस्फोट मागते. लग्न नवे असल्यामुळे वर्षभर थांबावे लागेल, असे पुढे कळते आणि उरलेला चित्रपट त्या सक्तीच्या वर्षात, एकाच घरात घडतो.

हिंदूंना घटस्फोटाची सर्वसाधारण मुभा देणारे कायदे मुंबई प्रांतात १९४७ मध्ये आणि मद्रास प्रांतात १९४९ मध्ये झाले. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने ती मुभा देशपातळीवर आणली, पण कलम १४ मध्ये असेही घातले की लग्नाला तीन वर्षे होईपर्यंत, अपवादात्मक परिस्थिती वगळता, अर्जच करता येणार नाही. १९७६च्या दुरुस्तीने तीन वर्षांचे एक वर्ष झाले. त्याच दुरुस्तीने कलम १३-ब आणले आणि कोणावरही दोष न ठेवता, परस्पर संमतीने वेगळे होण्याची वाट या कायद्यात प्रथमच खुली झाली. दिव्याच्या नवऱ्याचा कोणताही अपराध नाही; त्यामुळे ही कथा दुरुस्तीपूर्वीच्या काळात या रूपात घडूच शकली नसती.

गुंता आहे तो पुढे. या दोन कलमांत दोन निरनिराळी वर्षे आहेत. कलम १४ मधील वर्ष लग्नाच्या दिवसापासून मोजले जाते आणि त्या काळात कोणी कुठे राहावे, याविषयी ते काहीच सांगत नाही. कलम १३-ब मधील वर्ष मात्र पती-पत्नी विभक्त राहत असल्याचे असावे लागते. चित्रपटाने ही दोन्ही एकत्र केली आणि वर्षभर एकत्रच राहिले पाहिजे, असा अर्थ पडद्यावर आला. कलमांचा शब्दशः अर्थ लावणाऱ्याला ही उघड चूक वाटेल, कारण दिव्या मद्रासला माहेरी निघून गेली असती तरी कायद्याची आडकाठी नव्हती. परंतु १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की विभक्त राहणे हे छपरावर अवलंबून नसते. एकाच घरात राहूनही पती-पत्नीचे नाते जगत नसलेली जोडपी विभक्तच असतात. नवऱ्याच्या स्पर्शाने अंगावर सुरवंट फिरल्यासारखे वाटते, असे तोंडावर सांगणारी पत्नी आणि त्यानंतर तिच्यापासून अंतर राखून वागणारा पती यांचे वर्ष या निकषात बसते. न्यायालयाने पाच वर्षांनी जे मांडले, ते या चित्रपटाने आधीच दाखवले होते, आणि मला ही त्याची सर्वांत मोठी कमाई वाटते.

त्याआधीचा तमिळ पडदा लग्नाच्या बाबतीत बराच कठोर होता. १९८१च्या ‘अंद एळु नाट्कळ’मध्ये नवरा स्वतः पत्नीला तिच्या प्रियकराच्या स्वाधीन करायला तयार होतो, पण ताली म्हणजे मंगळसूत्राचे पावित्र्य आडवे येते आणि प्रियकरच माघार घेतो. ‘वो सात दिन’ ही त्याची हिंदी आवृत्ती मराठी प्रेक्षकांच्या परिचयाची आहे. ‘मौन रागम’मध्येही जोडपे अखेरीस एकत्र येते, परंतु तिथे निर्णय तालीचा नसून दिव्याचा असतो. तिने पैंजण पायात घातल्यावरही नवरा तिचे ते सुरवंटाचे शब्द विसरलेला नसतो, आणि रेल्वे स्टेशनवर तो घटस्फोटाचे कागद हातात देतो तेव्हा ते तीच फाडते.

वादाचा मुद्दा प्रियकराचा. दिग्दर्शकाच्या या पाचव्या चित्रपटाची कथा मुळात ‘दिव्या’ या नावाने लिहिली गेली होती, आणि तिच्यात प्रियकर नव्हता. तो नंतर आला, कारण मुलीने नवऱ्याला विनाकारण नाकारणे प्रेक्षकांना पटणार नाही, अशी धास्ती होती. पोलिसांच्या गोळीने त्याचा अंत होतो आणि दिव्याच्या नकाराला सहानुभूतीचे कारण मिळते. त्या भागाची लोकप्रियता मान्य करूनही असे वाटते की कायद्याने दहा वर्षांपूर्वी ज्या कारणाची अट काढून टाकली होती, ती पटकथेने पुन्हा लावून घेतली. दिल्लीच्या घरातला अबोला त्या कारणाशिवायही तितकाच खरा ठरला असता. चित्रपटाला तमिळ भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो या घरातल्या भागाच्या बळावर, असे मी मानतो.

कायदा त्यानंतरही हलत राहिला. संमतीच्या अर्जानंतरची सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणांत माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ठरवले. २०२३ मध्ये घटनापीठाने आणखी पुढे जाऊन, लग्न पुन्हा सांधता येणार नाही इतके मोडले असेल तर सर्वोच्च न्यायालय आपल्या विशेष अधिकारात थेट घटस्फोट देऊ शकते, असा निर्वाळा दिला. दिव्याला थांबवणारे कलम १४ मधील पहिल्या वर्षाचे बंधन मात्र आजही कायद्यात आहे, आणि असाधारण हाल सोसावे लागत असल्याचे किंवा जोडीदाराचे वर्तन असाधारण नीच असल्याचे दाखवल्याशिवाय ते शिथिल होत नाही.