पक्षाघातानंतर तोल पुन्हा कसा येतो

पक्षाघाताचा झटका येऊन गेला की घरचे एकच विचारतात: हातापायात ताकद कधी येणार? पण पाय उचलता येऊ लागलेला माणूसही उभा राहताच कलतो. तोल नुसत्या स्नायूंच्या जोरावर राहत नाही. डोळे, आतला कान आणि तळपाय-घोट्यांतून येणाऱ्या संवेदना यांचा मेंदू सतत मेळ घालतो आणि कंबर-मांड्यांना हुकूम सोडतो. लहान मेंदूला इजा झाली असेल, तर ताकद बरीचशी शाबूत असूनही पावलं फाकवत, झोकांड्या खात चालावं लागतं.

त्यात सवयीची भर पडते. चांगला पाय भरवशाचा, म्हणून शरीर नकळत सगळा भार त्याच्यावर टाकतं आणि दुबळ्या पायाला काम करायची वेळच येत नाही. माझ्या मते खरी लढाई इथे आहे, आणि ती जिंकायला खुर्चीसारखं साधन नाही.

खुर्चीतून उठणं नीट पाहा. आधी दोन्ही पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची. मग कंबरेतून पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. त्यानंतरच उठायचं. बरेच रुग्ण वाकायला घाबरतात, सरळ वर उठू पाहतात आणि धपकन मागे बसतात. भार चांगल्या पायावरच जात असेल तर फिजिओथेरपिस्ट तो पाय किंचित पुढे ठेवायला लावतात. मग दुबळ्या पायाला अंग चोरता येत नाही. बसतानाही सावकाश, कारण आवरत खाली येणं हाही व्यायामच. उभं राहणं जमलं की दुबळ्या बाजूला हात लांबवून वस्तू उचलणं, पावलं जुळवून उभं राहणं, मग एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे, अशी अडचण वाढवत नेतात. डोळे मिटून उभं राहणं बरंच नंतर, तेही कुणी जवळ असतानाच.

हालचालींचा ताळमेळ सरावाने सुधारतो, हे स्विस डॉक्टर हाइनरिक फ्रेंकेल यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच ध्यानात आलं. तपासणीत एका रुग्णाला बोट नाकाला लावणं धड जमलं नव्हतं. काही महिन्यांनी तो आला तेव्हा ते बरंच सुधारलं होतं. कारण विचारलं तर म्हणाला, तुमच्या या परीक्षेत पास व्हायचं होतं, म्हणून सराव केला! त्याचा आजार मज्जारज्जूचा होता, पण त्यातून निघालेले व्यायाम आजही ताळमेळ बिघडलेल्यांना देतात. पाठीवर झोपून टाच गादीवरून सावकाश सरकवायची, नजर पायावर, तोंडाने आकडे मोजत. दिसायला पोरखेळ, करायला घाम काढणारा.

प्रगती मोजायला बर्ग मापन वापरतात: १४ कृती, प्रत्येकीला ० ते ४ गुण, एकूण ५६.

घाई मात्र नको. पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार, बराच वेळ अंथरुणाबाहेर काढण्याची पद्धत एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तपासली गेली. २०१५ मध्ये निष्कर्ष आले आणि तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीच्या उपचारांपेक्षा उलट कमी चांगली निघाली. म्हणून कधी सुरू करायचं आणि किती, हे उपचार करणाऱ्यांनीच ठरवावं.

आणि उठवताना दुबळा हात धरून ओढू नका. सैल पडलेला खांदा त्याने निखळू शकतो, आणि दुखरा खांदा पुढचे व्यायामच अडवतो. दुबळ्या बाजूला उभं राहून कंबरेला आधार द्या. चालण्याच्या सरावासाठी कंबरेला बांधायचा रुंद पट्टाही मिळतो.