मणक्यातला ‘कट्’ आवाज आणि जुनी कंबरदुखी

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्या पायाळू माणसाला कोकणात एक काम न मागता मिळते. कुणाच्या कमरेत उसण भरली की त्याने जाऊन दुखऱ्या जागी पाय लावायचा. मी स्वतः पायाळू असल्यामुळे रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत भातलावणीच्या दिवसांत मला हमखास बोलावणे येई. पडवीत पालथ्या पडलेल्या शेजारच्या काकूंच्या कमरेला माझी ओली टाच लागे, त्या ‘आई गं’ म्हणत, आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा घोटाभर चिखलात वाकून आवण लावताना दिसत. श्रेय अर्थातच टाचेला मिळे. वास्तविक अशी अचानक भरलेली उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते.

कंबरदुखीवरच्या उपचाराची खरी परीक्षा होते ती 12 आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या दुखण्यात, आणि मणक्यांना हाताने झटका देण्याच्या उपचाराकडेही याच कसोटीवर पाहिले पाहिजे. हा उपचार काही फिजिओथेरपिस्ट, तसेच ऑस्टिओपॅथ आणि कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणके व सांधे हाताने हाताळून उपचार करणारे, करतात. रुग्णाला कुशीवर झोपवून वरचा गुडघा वाकवतात, खांदा मागे व कंबर पुढे अशी हलकी पिळवट देतात आणि सांधा ताणाच्या टोकाला आला की अत्यंत वेगवान, पण अगदी थोड्या अंतराचा धक्का देतात. त्याच क्षणी पुष्कळदा ‘कट्’ असा आवाज येतो, आणि रुग्णाची खात्री पटते की सरकलेला मणका जागेवर बसला.

या समजुतीला मोठा इतिहास आहे. अमेरिकेतील डेव्हनपोर्ट या गावी 1895 साली डी. डी. पामर यांनी कायरोप्रॅक्टिकचा पाया घातला, तो जागचे हललेले मणके हेच बहुतेक रोगांचे मूळ आहे, या कल्पनेवर. प्रत्यक्षात तो आवाज हाडाचा नसतो. सांध्यातील वंगणासारख्या द्रवावरचा दाब पृष्ठभाग एकाएकी दूर झाल्याने घटतो आणि तेथे वायूची पोकळी तयार होते. बोटे मोडताना हेच घडते. कॅनडातील संशोधकांनी 2015 मध्ये बोटांचे सांधे ओढताना एमआरआयने चित्रण केले, तेव्हा आवाजाच्या क्षणीच ही पोकळी उमटलेली दिसली. हाड ‘बसते’ का, याचीही तपासणी झालेली आहे. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 10 रुग्णांच्या कमरेच्या त्रिकास्थी-श्रोणी सांध्याची, म्हणजे कण्याचा खालचा भाग कमरेच्या हाडाला जुळतो त्या सांध्याची, स्थिती झटक्यापूर्वी व नंतर क्ष-किरणांच्या सूक्ष्म मोजणीने टिपली गेली. हाताने तपासणाऱ्यांना सांधा जागेवर आल्यासारखा वाटला. मोजणीत तो हललेलाच नव्हता.

मग बरे वाटते ते खोटे असते का? तसेही नाही. झटक्यामुळे सांध्याभोवतालच्या स्नायूंतील व मज्जातंतूंतील संवेदना बदलतात, आखडलेले स्नायू काही वेळ सैल पडतात आणि वेदनेचे संदेश तात्पुरते मंदावतात, असे सध्याचे स्पष्टीकरण आहे. एकूण लाभ किती, हे 2019 साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातील एका आढाव्यात मोजले गेले. जुन्या कंबरदुखीच्या 47 चाचण्या आणि 9,211 रुग्ण त्यात होते. व्यायामासारख्या शिफारस केलेल्या उपचारांच्या तुलनेत वेदनेतील फरक 100 गुणांच्या मापावर जेमतेम 3 गुणांचा निघाला, जो रुग्णाला जाणवणारही नाही. म्हणजे हा उपचार व्यायामाइतकाच उपयोगी आहे, त्याहून सरस नाही. शिवाय औषधाची खोटी गोळी देता येते, तसा खोटा झटका रुग्णाच्या लक्षात न येता देणे कठीण असल्यामुळे, त्या लाभात विश्वासाचा वाटा किती, हे वेगळे काढणे अवघड जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या मार्गदर्शिकेत जुन्या कंबरदुखीसाठी सुचवलेल्या उपायांत व्यायाम व रुग्णशिक्षणाच्या जोडीला या झटक्याच्या उपचाराला जागा दिली आहे. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन, म्हणजे कंबर ओढून ताण देणे, मात्र नेहमीच्या वापरासाठी नको म्हटले आहे. आपल्याकडे पट्टा दोरीवर वाळत नाही असे घर विरळा, हे येथे सांगायला हवे.

झटक्यानंतर एक-दोन दिवस अंग दुखणे सामान्य आहे आणि कमरेच्या बाबतीत गंभीर इजा दुर्मीळ. पण हाडे ठिसूळ झालेली असतील, किंवा कंबरदुखीबरोबर संध्याकाळचा ताप व घटणारे वजन असेल, तर मणक्याचा क्षय किंवा गाठ नाही ना, हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय कुणालाही पाठीला हात लावू देऊ नये. लघवी अडणे किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, ही तर तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत.

त्याच काकूंची कंबर आता गेल्या वर्षापासून धरलेली आहे. शहरातल्या दवाखान्यात झटका मिळाला, तीन दिवस आराम पडला, आणि ‘मणका परत सरकला’ म्हणून त्या पुन्हा जाऊन आल्या. सरकेल या धास्तीने त्यांनी विहिरीवरची कळशी उचलणे आणि देवळापर्यंत चालत जाणेही सोडले होते, आणि हालचाल थांबल्याने पाठ अधिकच आखडत चालली होती. फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायामांचा कागद भिंतीवरच्या कॅलेंडरमागे चार घड्या घालून खोचलेला मला सापडला. ‘तो उठाबशांचा पोरखेळ,’ काकू म्हणाल्या, ‘त्यात काय आवाज येतो होय?’