साचेबंद समज

साचेबंद समज : एखाद्या समूहातली माणसे अमुक स्वभावाची, अमुक कुवतीची किंवा अमुक सवयींचीच असतात, असे त्यांना भेटण्याआधीच धरून चालणारी, समाजात रुळलेली कल्पना. बोलताना यासाठी ‘स्टिरिओटाइप’ हा शब्द सर्रास वापरला जातो. समाजशास्त्रीय अर्थाने तो अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांच्या १९२२ सालच्या पुस्तकामुळे रूढ झाला. समूह कोणताही चालतो: लिंग, वय, जात, धर्म, देश, व्यवसाय, शरीरयष्टी. बायकांना गाडी नीट चालवता येत नाही, पुरुषांना तान्ही मुले सांभाळता येत नाहीत, म्हाताऱ्यांना नवी यंत्रे कळत नाहीत, तरुणांना कष्ट नकोत, एकुलती एक मुले लाडावलेली असतात, जाड माणसे आळशी, खेड्यातली भोळी आणि शहरातली कोरडी, ही यादी थोड्याफार फरकाने कुठेही ऐकू येते.

पूर्वग्रह आणि भेदभाव यांच्याशी त्याची गल्लत होते. साचेबंद समज हा मानण्याचा भाग, पूर्वग्रह आवडनिवडीचा आणि भेदभाव वागण्याचा. तिन्ही बहुधा हातात हात घालून येतात, पण ‘त्या लोकांबद्दल माझ्या मनात काही नाही’ असे प्रामाणिकपणे म्हणणारा माणूसही नोकरीचा अर्ज साच्यातूनच वाचत असतो. मारिआन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी शिकागो आणि बॉस्टन इथल्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले. पात्रता तोडीस तोड, फरक फक्त नावांचा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, गोऱ्यांची वाटतील अशा नावांच्या अर्जांना कृष्णवर्णीयांच्या वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली.

असे समज द्वेषातूनच उगवतात असे नाही. वर्गवारी केल्याशिवाय मनाचे भागत नाही, आणि वर्गवारी केली की फरक फुगतात. हेन्री ताजफेल आणि ए. एल. विल्क्स यांनी १९६३ मध्ये लोकांना आठ रेघांची लांबी अदमासाने सांगायला लावली. आखूड चार रेघांवर एक अक्षर आणि लांब चार रेघांवर दुसरे लिहिताच, दोन गटांमधले अंतर आहे त्याहून मोठे दिसू लागले. रेघांबद्दल कुणाच्या मनात आकस असण्याचे कारण नव्हते.

डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांचा १९७६ चा प्रयोग याहून बोलका आहे. त्यात दोन काल्पनिक गटांतल्या माणसांविषयी ३९ वाक्ये वाचायला दिली होती. मोठ्या गटाबद्दल १८ चांगली आणि ८ वाईट, लहान गटाबद्दल ९ चांगली आणि ४ वाईट. प्रमाण तंतोतंत सारखे. तरीही वाचणाऱ्यांना लहान गट अधिक वाईट वागणारा वाटला. कमी दिसणारी माणसे आणि कमी घडणारी वाईट कृत्ये, दोन्ही लक्षात भरतात आणि मनात त्यांची सांगड बसते. अल्पसंख्य समूहांच्या वाट्याला बदनामी सहज का येते, याचे निदान एक कारण इथे सापडते.

एकदा बसलेला समज स्वतःची राखण स्वतःच करतो. जॉन डार्ली आणि पॅजेट ग्रॉस यांनी १९८३ मध्ये एका शाळकरी मुलीची चित्रफीत दाखवली. काहींना ती सुखवस्तू घरातली असल्याचे भासवले, काहींना गरीब घरातली. एवढ्यावरून तिची हुशारी ठरवायला लोक कचरले. मग तिला प्रश्नांची उत्तरे देताना दाखवले. तिची कामगिरी मुद्दामच संदिग्ध ठेवली होती. आता मात्र तीच चित्रफीत पाहून एका गटाला ती हुशार दिसली आणि दुसऱ्याला मागे पडलेली. पुरावा समोर आल्याने समज ढिला व्हायला हवा होता. उलट आपण पुराव्यावरून बोलतो आहोत, अशी खात्री पटून तो घट्ट झाला.

‘काहीतरी तथ्य असल्याशिवाय लोक बोलतात का’ हा युक्तिवाद झटकून टाकण्याजोगा नाही. ली जुसिम या मानसशास्त्रज्ञाने दाखवल्याप्रमाणे काही समज समूहांच्या सरासरीशी बऱ्यापैकी जुळतात. राष्ट्रीय स्वभावांबद्दलचे समज मात्र तिथे सपशेल आपटतात. ४९ संस्कृतींमध्ये झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, लोक एखाद्या देशाचा जो ‘ठराविक’ स्वभाव सांगतात त्याचा आणि तिथल्या माणसांच्या मोजलेल्या स्वभावाचा मेळ बसला नाही. सरासरी खरी असली तरी समोरच्या माणसाबद्दल ती फार थोडे सांगते. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शिते एकाच पातेल्यात एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसांचे तसे नसते.

पण हे समज ज्यांच्याविषयी असतात त्यांना चीड येते ती केवळ ते खोटे असतात म्हणून नव्हे. चुकीची माहिती दुरुस्त करता येते, साच्याला उत्तरच देता येत नाही. गाडी चालवताना बाईकडून चूक झाली की समज खरा ठरतो. ती उत्तम चालवत असेल, तर ‘तू इतर बायकांसारखी नाहीस’ असे ऐकावे लागते, म्हणजे ती एकटी सुटते आणि बाकीच्या अडकलेल्याच राहतात. तिने हरकत घेतली, तर बायकांना थट्टा कळत नाही, हा दुसरा समज तयार असतो. गप्प बसली, तर ती कबुली. कुठल्याही बाजूने गेले तरी बोलणाऱ्याचे काही बिघडत नाही.

शिवाय दोघांचा हिशेब वेगळा असतो. बोलणाऱ्याला आपला शेरा ताजा वाटतो. ऐकणाऱ्याने तो लहानपणापासून असंख्य तोंडून ऐकलेला असतो. साठलेला राग निघतो तो नेमका शेवटच्या माणसावर, आणि त्याला तो अवाजवी वाटतो. ‘एवढे काय झाले?’ हे त्याचे म्हणणे त्याच्या बाजूने खरेही असते. समजुतीचा शब्द तिथेच खुंटतो.

कौतुकाचे साचेही याला अपवाद नाहीत, उलट ते अधिक अवघड, कारण कौतुकाबद्दल तक्रार करणारा कृतघ्न ठरतो. जॉन ओलिव्हर साय आणि सप्ना चेरियन यांच्या २०१३ च्या अभ्यासात, आशियाई वंशाच्या अमेरिकनांना ‘तुम्ही लोक गणितात हुशार’ असे म्हटलेले खटकले. आपल्याला माणूस म्हणून न पाहता गटात ढकलले, असे त्यांना वाटले. सुझन फिस्क आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार समूहांना जोखण्याच्या मुख्य कसोट्या दोन, जिव्हाळा आणि कर्तबगारी. पुष्कळ समूहांना एक देताना दुसरी काढून घेतली जाते. वृद्ध प्रेमळ ठरतात पण कुचकामी, श्रीमंत कर्तबगार पण आतून कोरडे.

साच्याची नुसती आठवणही भोवते का, यावर वाद आहे. क्लॉड स्टील आणि जोशुआ अॅरन्सन यांनी १९९५ मध्ये म्हटले की, आपल्याबद्दलचा हीन समज खरा ठरेल या धास्तीने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची परीक्षेतली कामगिरी घसरते. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांना उत्तर प्रदेशातल्या शाळकरी मुलांमध्ये तसेच काहीसे दिसले: जात जाहीर केल्यावर कनिष्ठ मानलेल्या जातींतल्या मुलांनी कमी कोडी सोडवली. मात्र नेदरलँड्समधल्या २,००० हून अधिक विद्यार्थ्यांवरच्या २०१८ मधल्या अभ्यासात मुलींच्या गणितावर असा परिणाम आढळला नाही. तेव्हा हा परिणाम सगळीकडे सारखा होतो, असे ठामपणे म्हणण्यात घाई आहे.

समज मनातून बळेच दडपले तर ते नंतर अधिक जोराने उसळतात, असे नील मॅक्रे यांच्या गटाने १९९४ मध्ये दाखवले. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये सुचवलेला मार्ग, म्हणजे समान पातळीवर, सामाईक कामासाठी आलेला संबंध, अधिक टिकाऊ ठरला. ५१५ अभ्यासांचा २००६ मध्ये घेतलेला एकत्रित आढावा त्याच्या बाजूने आहे. साचे आपोआपही बदलतात, पण राजकारणाच्या वाऱ्यानुसार. प्रिन्स्टन विद्यापीठात डॅनियल कॅट्झ आणि केनेथ ब्रेली यांनी १९३३ मध्ये १०० विद्यार्थ्यांना ८४ विशेषणांची यादी देऊन दहा समूहांचे वर्णन करायला सांगितले, तेव्हा जपानी माणसे बुद्धिमान आणि कष्टाळू ठरली. महायुद्धानंतर, १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या फेरीत तीच माणसे नकलाकार आणि कावेबाज झाली होती. १९६९ च्या तिसऱ्या फेरीत पुन्हा कष्टाळू. दुसऱ्या फेरीतल्या बऱ्याच विद्यार्थ्यांनी तर, अख्ख्या समूहांची अशी सरसकट वर्णने करायला लावता कशाला, म्हणून नाराजी नोंदवली होती.