भुंगेरा, राळ आणि हायनूव्काचा कारभार

कीड लागलेलं झाड तोडलं की कीड आटोक्यात येते, याबद्दल आपल्या मनात शंकाच नसते. पोलंडच्या पूर्व टोकाला, बेलारूसच्या सीमेलगत हायनूव्का नावाचा पोव्यात आहे, साधारण आपल्या तालुक्यासारखा. तिथे याच समजुतीवरून पेटलेला वाद युरोपियन युनियनच्या न्यायालयात गेला.

भांडण होतं बियावोव्येझाच्या जंगलाचं. ‘माणसाचा हात न लागलेलं अरण्य’ ही जाहिरात सोडून द्या. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी इथे रूळ टाकून लाकूड ओढून नेलं आणि 1919 मध्ये इथला शेवटचा रानटी बायसन मारला गेला. आजचे कळप पिंजऱ्यात वाढवून 1952 पासून जंगलात सोडलेल्या बायसनचे वंशज आहेत.

खरी गंमत आहे ती स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या सालीत राहणाऱ्या भुंगेऱ्याची. लांबी जेमतेम 5 मिलिमीटर. धडधाकट झाडाला भोक पाडलं की आतून राळ उसळते आणि किडा तिच्यात अडकून मरतो. राळेतलं अल्फा-पायनीन हे रसायन त्याला विषारीही असतं. पण पहिला घुसलेला नर या अल्फा-पायनीनचं ऑक्सिडेशन करून त्याचं सिस-व्हर्बेनॉल करतो, त्यात स्वतः तयार केलेलं मिथाइलब्युटेनॉल मिसळतं आणि हा वास हवेत सुटतो. म्हणजे झाडाच्या शस्त्रातूनच शत्रूला बोलावणं धाडलं जातं! वासावर नर-माद्या दोघेही तुटून पडतात. शेकडो भोकं एकदम पडली की राळ पुरी पडत नाही, दुष्काळात तर मुळातच ती कमी असते. गर्दी फार झाली की व्हर्बेनोन हे परतवून लावणारं रसायन वाढतं, आणि नवे येणारे शेजारच्या झाडाकडे वळतात. सालीखाली माद्या बोगदे खणून अंडी घालतात, अळ्या आडव्या वाटा कोरत अन्नवाहक थर खाऊन टाकतात.

झाड तांबूस होऊन वाळेपर्यंत नवी पिढी बहुधा उडून गेलेली असते. मग वाळका स्प्रूस तोडून भुंगेऱ्याचं काय बिघडणार? उलट त्या लाकडावर जगणारे सुतारपक्षी आणि इतर किडे मात्र बेघर होतात.

तरीही मार्च 2016 मध्ये पर्यावरण खात्याने बियावोव्येझा वनविभागाची दहा वर्षांची तोडमर्यादा 63,000 घनमीटरवरून 188,000 वर नेली. एप्रिल 2018 मध्ये न्यायालयाने पोलंडने अधिवास आणि पक्षी संरक्षणाच्या नियमांचा भंग केल्याचा निकाल दिला.

या सगळ्यात पोव्यात कुठे होता? पोलंडने 1975 मध्ये पोव्यात मोडीत काढले आणि 1999 पासून पुन्हा उभे केले. त्यांच्याकडे माध्यमिक शाळा, रस्ते, रोजगार कचेरी अशी कामं आली. जंगल मात्र सरकारी वनखात्याचं आणि त्याचा साधारण सहावा हिस्सा राष्ट्रीय उद्यानाचा. तोडीचा कोटा पोव्यात ठरवत नाही. पण उद्यानाची हद्द वाढवायची तर कायद्याने स्थानिक संस्थांची संमती लागते. लाकूड आणि सरपणावर ज्यांचं घर चालतं, अशा मतदारांनी निवडून दिलेल्या परिषदा ती सहजासहजी देत नाहीत.